अंजनेरी, खडक क्रमांक चार

लहानू बेंडकोळी खडकावरून पाण्याचा हात फिरवतो,
म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा,
आणि राखाडी वर्तुळ हळूहळू हिरवं होत जातं.
बावीस वर्षं बघतेय मी हे,
तरी दरवर्षी पेनचं टोपण काढायचं विसरते.

बटर पेपर. शाईचं बारीक पेन.
पितळेचा खिळा, ज्याच्यापासून सगळं मोजायचं.
कागदाचे दोन कोपरे लहानू दाबतो, दोन मी.
वारा पाचवा शोधत राहतो.
गेल्या फेब्रुवारीची रेघ, या फेब्रुवारीची रेघ,
मध्ये दीड मिलिमीटर.
पहिल्या वर्षी लहानू म्हणाला होता, "एवढंच?"
आता तोच सांगतो, "यंदा बरं आलंय, बाई."

एकदा उत्तरपत्रिकेत एकाने लिहिलं:
शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन.
बुरशी घर बांधते, शैवाल स्वयंपाक करते,
म्हणून शैवाल ही बाई असावी.
अर्धा गुण दिला.
समासात लिहिलं, कुणी कुणाला कोंडलंय
ते अजून ठरायचं आहे.

भद्रकालीत मसाल्याच्या दुकानी
तोंडं दुमडलेली पोती: तमालपत्र, नागकेशर,
आणि कोपऱ्यात दगडफूल,
अर्धवट जळालेल्या कागदासारखं.
शंभर ग्रॅम घेतलं आणि तिथंच भिंग काढलं.
दुकानदार गडबडला.
"माल चोख आहे मॅडम. अन्न खात्याच्या का तुम्ही?"
म्हटलं, यात पाच जाती आहेत.
"असतील. आम्ही एकाच भावाने देतो."

घरी ओट्यावर एक तुकडा नखाने खरवडला.
आत पांढरं. त्यावर ब्लीचचा थेंब,
साड्यांचे डाग काढायला आणलेल्या बाटलीतला.
काहीच नाही.
मग एकदम लाल, दाताखाली डाळिंब फुटल्यासारखं,
आणि लगेच उडालंही.
वहीत नोंद: लाल, तीन सेकंद.
उरलेलं तेलात परतलं.
आमटी झकास झाली, पण घास घेताना हिशोब सुटेना:
दीड मिलिमीटरला एक वर्ष,
तर या चमच्यात किती?

सातपूरची वही वेगळी आहे.
कारखान्यांच्या कुंपणालगत आंब्याची चाळीस झाडं.
छातीच्या उंचीवर तारेची चौकट धरायची,
चौकटीत सापडेल ते मोजायचं.
झाड एक, शून्य. झाड दोन, शून्य.
वॉचमनने स्वतःची खुर्ची आणून दिली.
"काय हरवलंय?"
एकोणिसाव्या झाडाच्या सालीत, भेगेच्या आत,
पिवळट पूड, मोहरीएवढी.
मी इतकी हरखले की तोही वाकून बघू लागला.
त्याला काही दिसलं नाही. "असेल," म्हणाला.
पुढची एकवीस झाडं पुन्हा शून्य.
संपादकांनी कळवलं, निष्कर्ष तुटपुंजे वाटतात.
वही उघडून पुन्हा मोजले.
एकोणचाळीस होते.

खडक चारवरचं वर्तुळ सात वर्षांपूर्वी मधून गळलं.
यांचं असंच, म्हातारपण मध्यातून येतं,
कड बाहेर सरकत राहते.
आता नुसतं कडं उरलंय, आत उघडा काळा कातळ.
लहानू त्याला खळं म्हणतो.
यंदा खळ्यात एक राखाडी टिपका होता.
भिंगाखालीही नक्की होईना,
तीच जात, दुसरी, की पाखराची शीट.
लहानू बोटाला थुंकी लावून पुसणार होता,
मी मनगट धरलं.
तेविसाव्या कागदावर टिपका काढला,
शेजारी प्रश्नचिन्ह.

पुढच्या फेब्रुवारीत मी निवृत्त झालेली असेन.
लहानूचे गुडघे चढावर कुरकुरतात,
त्याने ते मला सांगितलेलं नाही.
खाली शेळ्यांपाशी त्याची नात सरला उभी होती.
हाक मारून वर बोलावली.
हे दोन कोपरे धर. जोर नको देऊस.
तिने धरले, बराच वेळ खाली बघत राहिली,
मग म्हणाली,
"बाई, हात काढू नका. शाई ओली आहे अजून."